दोन डीमन आणि तिचं ‘नको’

मागच्या अंकात पॅरानॉर्मल रोमान्समधल्या, म्हणजे अलौकिक पात्रांच्या प्रेमकथांमधल्या, भुरळ घालणाऱ्या डीमनवर, म्हणजे पुरुषरूपी इन्क्युबस आणि स्त्रीरूपी सक्युबसवर लिहिलं होतं आणि शेवटी विचारलं होतं की एकाच कथेत असे दोघं एकमेकांसमोर उभे केले की तुमचं कुठे अडतं ते कळवा. पत्रं भरपूर आली, बरीचशी लिहिणाऱ्यांची, काही नुसत्या वाचणाऱ्यांची, आणि एक असं होतं की ते वाचून मी बराच वेळ तसंच हातात धरून बसले होते. सगळ्यांना जागा देता येत नाहीये, म्हणून एकात चार-पाच जणांचं दुखणं येतं असे प्रश्न घेतलेत.

प्रश्न: ताई, माझ्या कादंबरीत दोन इन्क्युबस आहेत, दोघांचाही नायिकेवर डोळा. चाळीस हजार शब्द झालेत. दोन मैत्रिणींना वाचायला दिलं तर दोघी म्हणाल्या कोण कुठला ते कळतच नाही, नाव आलं की मगच कळतं. एकाचे डोळे निळे केलेत एकाचे काळे, एक हसरा आहे एक गंभीर, तरी असं का होतंय? एक परिच्छेद सोबत पाठवतेय, छापला तरी चालेल. — रात्री लिहिणारी

उत्तर: छापतेच, कारण असा परिच्छेद आलेल्या पत्रांत अजून तिघींनी पाठवलाय. “त्याने तिच्याकडे पाहिलं आणि तिचं भान हरपलं. त्याच्या आवाजात मध होता. हा धोका आहे हे तिला कळत होतं, पण पाय जागचे हलेनात.” आता हेच वाक्य न वाक्य दुसऱ्या डीमनच्या नावाने वाच. काही बिघडतं का? नाही बिघडत, आणि तुझ्या मैत्रिणी तेच सांगतायत. तू दोघांची रूपं वेगळी केलीस पण दोघांनाही तिच्याकडून एकच गोष्ट हवीये आणि दोघंही तिला एकच गोष्ट देतायत, मग डोळ्यांचा रंग कितीही बदल, वाचकाच्या लेखी तो एकच माणूस दोन शर्ट घालून आलेला.

तुझ्या पहिल्या प्रकरणात एक ओळ आहे, की नायिकेची बहीण वारलीये आणि तेव्हापासून ती धड झोपलेली नाही. ही ओळ लिहून तू पुढे निघून गेलीस, अगं सगळी कादंबरी तिथेच आहे! भुरळ हवेत पडत नाही, माणसाच्या आत जिथे काहीतरी रिकामं असतं तिथे ती पडते. तिच्यात दोन रिकाम्या जागा आहेत, एक झोपेची आणि एक बहिणीची. मग एक डीमन एका जागेवर येऊ दे आणि दुसरा दुसऱ्या. मी नुसतं करून बघितलं, तुझी नायिका पुस्तकबांधणी करते तेच धरून:

रात्रीचे तीन. ती जुन्या वहीचे टाके उसवत बसलीये. पहिला येतो आणि काहीच बोलत नाही, फक्त दिव्यावर हात धरतो, उजेड निम्मा होतो, आणि अकरा महिन्यांत पहिल्यांदा तिचे खांदे खाली येतात. “झोप,” तो म्हणतो, “मी जागा आहे.”

दुसरा आला की आधी वास येतो, बहिणीच्या साबणाचा. तो उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही. म्हणतो, “ती विचारत होती, तिचा हिरवा स्वेटर तू का देऊन टाकलास?”

बघ, एकाचंही नाव नाहीये, डोळे नाहीत, मध नाही, तरी कोण कुठला हे विसरायची सोय नाही. आणि याच्यात अजून एक गंमत आपोआप तयार होते जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: एकाचं देणं दुसऱ्याच्या देण्याला मारतं. ती गाढ झोपली तर स्वप्न पडणार नाही, म्हणजे बहीण येणार नाही. बहीण रोज आली तर तिला विसावा मिळणार नाही. आता ह्या दोघांना भांडायला पंख, आग, तलवारी काही नको, ती उशीवर डोकं टेकते हीच त्यांची लढाई. बदल्यात ते काय घेतात तेही असंच वेगळं ठरव. झोप देणारा तिचे दिवस खात असेल, म्हणजे ती आज आठ तास झोपते, पुढच्या आठवड्यात चौदा. स्वप्न देणारा प्रत्येक भेटीमागे एक खरी आठवण नेत असेल. हे वाचकाला एकदम सांगू नकोस, तिला एक दिवस बहिणीचं हसणं आठवेनासं होऊ दे आणि बास.

प्रश्न: नमस्कार. मी लिहीत नाही, फक्त वाचते, आणि खूप वाचते. परवा घरात वाद झाला. आमचे हे म्हणाले की ज्याच्या नजरेतच जादू आहे त्याच्या प्रेमात ती पडली याला प्रेम कसं म्हणायचं, ही तर गुंगी झाली. मला राग आला पण उत्तर देता आलं नाही. तुम्ही द्याल का? — उत्तर शोधणारी

उत्तर: तुमच्या यजमानांचा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि माझ्या मते हा सगळा साहित्यप्रकार ह्याच एका प्रश्नावर उभा आहे, म्हणून राग नका येऊ देऊ. गुंगी देऊन मिळवलेला होकार हा होकार नसतो, पुस्तकात पण नाही आणि पुस्तकाबाहेर तर नाहीच नाही. चांगल्या लेखिकेला हे माहीत असतं आणि ती त्यापासून पळत नाही, उलट तिथेच मुक्काम टाकते. साधा नवरा-बायकोचा किंवा ऑफिसातला रोमान्स असेल तर “ह्याचं माझ्यावर खरंच प्रेम आहे का” एवढंच विचारावं लागतं, पण इन्क्युबसच्या कथेत नायिकेला स्वतःबद्दलच विचारावं लागतं की “हे जे मला वाटतंय ते माझं आहे का”, आणि हा प्रश्न केवढा मोठा आहे बघा, आपण सगळ्यांनी कधी ना कधी तो रात्री छताकडे बघत स्वतःला विचारलेला असतो, समोर डीमन नसतानाही.

मग लेखिका उत्तर कसं देते? वाट एकच नाही. कुणी असा नियम करतं की भुरळ सूर्य उगवला की उतरते, आणि मग नायिका निर्णय दिवसा घेते, उन्हात, त्याचा चेहरा थकलेला आणि साधा दिसत असताना. कुणी असं करतं की भुरळ हेच त्याचं अन्न आहे आणि तो तिच्यावर ती वापरायचं नाकारतो, म्हणजे तिच्यासमोर बसून तो अक्षरशः उपाशी राहतो, त्याचे हात थरथरतात, आणि ती ते बघते. मला ही वाट फार आवडते कारण त्यात संयम नुसता बोलण्यात राहत नाही, अंगावर दिसतो. तिसरी एक सोपी पळवाट फार वापरली जाते, ती म्हणजे नायिकेवर त्याची जादू चालतच नाही, जगात तीच एकटी अशी. मला हे नाही पटत. जादू चालतच नसेल तर मोह कुठला आणि तो आवरला याचं कौतुक तरी कशाचं? चालायला हवी, पण पूर्ण नाही, तिच्या हातात एक दोरी राहायला हवी. आणि ते “नियतीनेच आपली जोडी बांधलीये” वालं फेटेड मेट्सचं प्रकरण पण मला ह्याच माळेतलं वाटतं, फक्त तिथे गुंगी डीमनऐवजी नियती देते, पण तिला विचारलेलं नसतंच.

आणि आता दुसरा डीमन. मी मागच्या अंकात म्हटलं होतं की प्रतिस्पर्धी नसेल तर ही कथा अर्धी राहते, ते ह्याच्यासाठी. पहिला आपली ताकद राखून ठेवतो हे वाचकाला कळणार कसं, जोवर ताकद पूर्ण वापरली की काय होतं हे दिसत नाही? ते दुसरा दाखवतो. तो काहीच हातचं राखत नाही. आणि तो प्रसंग लिहिताना चांगली लेखिका काय करते ते नीट बघा हं, ती वर्णन वाढवत नाही, कमी करते. भुरळ पडलेल्या माणसाला बारीकसारीक काही जाणवत नाही, पायाखालची फरशी गार आहे, बाहीचं बटण टोचतंय, कुठेतरी नळ गळतोय, हे सगळं एकेक करून वाक्यांतून गळून जातं, आणि शेवटी “मी” हा शब्दच उरत नाही. उलट ती पहिल्याबरोबर असते तेव्हा तिला सगळं दिसतं. त्याचं एक नख काळं पडलंय, तो तिसऱ्यांदा तीच गोष्ट सांगतोय, आज त्याचा थोडा कंटाळाही आलाय. कंटाळा येऊ शकतो म्हणजे ती मोकळी आहे.

माझी स्वतःची एक सवय सांगते. असं पुस्तक हातात आलं की मी त्यात नायिकेचं “नको” शोधते. मोठ्याने ओरडलेलं असेल, नुसता हात मागे घेतलेला असेल, “आज नाही” एवढंच असेल. आणि मग पुढच्या पानावर त्या “नको”चं काय झालं ते बघते. एक डीमन ते ऐकून थांबतो आणि एक ते ऐकून हसतो. तुमच्या यजमानांना पुस्तकातलं तेवढं पान वाचून दाखवा. अख्ख्या पुस्तकात “नको” कुठे सापडलंच नाही तर मात्र त्यांचं म्हणणं मान्य करा, ती गुंगीच आहे.

काहींना नेमकी ती गुंगीच वाचायला आवडते, डार्क रोमान्स म्हणून जे चालतं ते, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही असं मी मनापासून म्हणते. पुस्तक वाचणाऱ्या बाईच्या हातात असतं, नकोसं झालं की ती मिटू शकते. लेखिकेने सुरुवातीला स्पष्ट सूचना द्यावी आणि त्याला गोड प्रेमकथा म्हणून विकू नये, एवढंच.

प्रश्न: इन्क्युबस आणि सक्युबस हे लेखकांनी रचलेले की जुने? आणि जुन्या गोष्टींत हे एकमेकांशी भांडतात का, की ही आजकालच्या रोमान्सची आयडिया? — जिज्ञासू

उत्तर: शब्द जुने आहेत. दोन्ही लॅटिनमधून आले, इन्क्युबसच्या मुळाशी ‘अंगावर पडून राहणं’ हा अर्थ आहे आणि सक्युबसच्या मुळाशी ‘खाली पडून राहणं’. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टीनने आपल्या ग्रंथात लिहून ठेवलंय की ज्यांना लोक इन्क्युबस म्हणतात ते बायकांच्या मागे लागतात असं बरेच जण सांगतात. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस तर म्हणतो की हे दोन वेगळे डीमन नाहीतच, एकच डीमन आधी बाईचं रूप घेतो आणि मग पुरुषाचं. हे वाचून मला वाटलं की ह्याच्यावर अजून कुणी नीट लिहायला हवं, नायिकेला ज्या दोघांमधून निवडायचंय ते दोघं एकच निघाले तर? १४८६ च्या सुमाराला चेटकिणी शोधायचं ते कुप्रसिद्ध मॅन्युअल, मॅलियस मॅलेफिकारम, आलं आणि मग मात्र हे सगळं गोष्टीपुरतं राहिलं नाही. डीमनशी संबंध ठेवला ह्या आरोपाखाली जिवंत बायकांना छळलं आणि मारलं गेलं. आपण आज मजेत वाचतो त्या शब्दाच्या मागे हे आहे, लिहिणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावं असं मला वाटतं.

आता भांडण. आहे, आणि फार सुंदर आहे. ज्यू गूढपरंपरेत, कबालामध्ये, समाएल ह्या डीमनच्या दोन बायका सांगितल्यात, लिलिथ आणि महालाथ. हिब्रूमध्ये प्रत्येक अक्षराला आकडा असतो, लिलिथच्या नावाची बेरीज होते ४८० आणि महालाथच्या ४७८, म्हणून लिलिथबरोबर ४८० फौजा आणि महालाथबरोबर ४७८. फक्त दोनचा फरक! योम किप्पुरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, दोघी आपापल्या फौजा घेऊन वाळवंटात निघतात, लिलिथ आक्रोश करत आणि महालाथ नाचत, आणि समोरासमोर आल्या की भांडतात. आणि त्या तिकडे भांडणात गुंतल्यात तोवर माणसांविरुद्ध चुगली करायला वर कुणी नसतं, म्हणून त्या दिवशी माणसांच्या प्रार्थना बिनअडथळा पोचतात. वरच्या उत्तरात मी “नको” म्हणायला जागा हवी म्हटलं ना, ती जागा ह्या गोष्टीत अशी आहे, दोन डीमन एकमेकींशी भांडतायत तेवढा वेळ माणूस मोकळा. कादंबरीत दोन प्रतिस्पर्धी असण्याचा इतका पक्का उपयोग मी दुसरीकडे पाहिला नाही. दोघं एकमेकांवर जोर लावतायत, दोघांचीही भुरळ एकमेकांत अडकलीये, आणि मधल्या त्या पाच मिनिटांत ती स्वतःच्या डोक्याने विचार करते.

मत्सरी डीमनची अजून एक जुनी गोष्ट टोबिटच्या ग्रंथात, म्हणजे काही पंथ बायबलमध्ये धरतात त्या एका जुन्या ज्यू ग्रंथात, आहे. सारा नावाच्या मुलीची एकामागून एक सात लग्नं होतात आणि प्रत्येक नवरा पहिल्याच रात्री अस्मोडियस ह्या डीमनकडून मारला जातो. काही पाठांत तर सरळ म्हटलंय की त्याचं तिच्यावर प्रेम आहे. आठव्या वेळी टोबायस येतो, राफाएल देवदूताच्या सांगण्यावरून माशाचं काळीज आणि यकृत निखाऱ्यावर जाळतो, त्या धुराने अस्मोडियस इजिप्तपर्यंत पळतो आणि राफाएल त्याला तिथे जखडून टाकतो. मला मात्र त्या गोष्टीत सगळ्यात जास्त सारा आठवते, मोलकरणीचे टोमणे ऐकून ती वर एकटी जाते आणि मरण मागते. सात नवरे गेले आणि घरात दोष तिच्यावर.

प्रश्न: दोन सक्युबस आणि एक पुरुष असं लिहितोय. बहीण म्हणते की दोन बायका पुरुषावरून भांडतात हे तर जुनाट आहे. काय करू? — नवा लेखक

उत्तर: बहिणीचं ऐका. पण कथा फेकू नका, फक्त भांडण त्याच्या आधीपासूनचं करा. लिलिथ आणि महालाथचं बघा, माणूस त्यांच्या भांडणाचं कारणच नाहीये, एक रडते आणि एक नाचते, दोघींचा जगाकडे बघायचा हिशोबच उलटा आहे. तुमच्या दोघी तीनशे वर्षांपूर्वी एकमेकींच्या जिवलग असतील, एकीने भूक मारायला शिकायचं ठरवलं आणि दुसरीला तो विश्वासघात वाटला असेल. मग तो पुरुष त्यांच्यासाठी बक्षीस राहत नाही, जुना वाद पुन्हा निघायचं निमित्त होतो. आणि एक प्रकरण असं लिहा की तो खोलीतच नाहीये, फक्त त्या दोघी आहेत. ते जमलं की कादंबरी जमली.

प्रश्न: ताई, हे पत्र छापलंत तरी नाव नको. मला वर्षभर रात्री जाग येते तेव्हा अंग हलत नाही, छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं, कोपऱ्यात कुणी उभं दिसतं. ओरडायला जाते तर आवाज फुटत नाही. कुणाला सांगितलं नाही, वेडी समजतील. मग तुमचा लेख वाचून इन्क्युबसच्या कादंबऱ्या वाचायला लागले, आणि खरं सांगू का, बरं वाटलं, कारण त्यात तो बोलतो, तिला विचारतो, ती त्याला हाकलू शकते. हे चुकीचं आहे का?

उत्तर: तू वेडी नाहीस. हे आधी दोनदा वाच आणि मग पुढे.

ह्याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात आणि खूप लोकांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव येतो. आपण स्वप्नं बघतो त्या झोपेत, आरईएम झोपेत, मेंदू शरीराचे स्नायू सैल करून ठेवतो, नाहीतर स्वप्नात धावताना आपण खरंच धावलो असतो. कधीकधी जाग आधी येते आणि स्नायू मागून सुटतात. त्या काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत, डोळे उघडे असतात, स्वप्न अजून चालू असतं, आणि श्वास नेहमीसारखा हवा तसा ओढता येत नाही म्हणून छातीवर भार वाटतो. मग घाबरलेला मेंदू त्या भाराला चेहरा देतो. अपुरी किंवा वेळीअवेळी झोप, ताण, पाठीवर झोपणं, ह्याने हे जास्त होतं. हेन्री फ्युसेलीने १७८१ मध्ये एक चित्र काढलं होतं, आडव्या पडलेल्या बाईच्या छातीवर एक ठेंगणा डीमन बसलाय आणि पडद्यातून घोड्याचं डोकं आत आलंय, ते बघ म्हणजे कळेल की तुझ्यासारखं कितीतरी जणींनी कितीतरी आधी सोसलंय. इन्क्युबसच्या गोष्टींचं एक मूळ इथेच असणार असं बरेच अभ्यासक मानतात.

कुशीवर झोपून बघ, झोपायची वेळ एक ठेव, आणि झटका आला की सगळं अंग हलवायच्या मागे न लागता एक बोट हलवायचा प्रयत्न कर, काही जणांना त्याने सुटायला मदत होते. वर्षभर चाललंय म्हणतेस तर झोपेच्या डॉक्टरांना दाखवच, आणि दिवसा अचानक झोप कोसळत असेल तर तेही सांग. लाजू नकोस, त्यांना हे रोजचं आहे.

आणि कादंबऱ्यांचं म्हणशील तर त्यात काहीही चुकीचं नाही. कोपऱ्यात जो मुका उभा असतो त्याला गोष्टीने तोंड दिलं आणि तुला त्याला “जा” म्हणता आलं. वाच खुशाल. झोपायच्या अगदी आधी मात्र नको, दुपारी वाच.

प्रश्न: मला दर वेळी हरणारा डीमन आवडतो! आणि दर वेळी लेखिका शेवटच्या तीन प्रकरणांत त्याला एकदम दुष्ट करून टाकते, नाहीतर पुढच्या भागात नायिकेच्या मैत्रिणीशी जुळवून देते. मी आता स्वतः लिहायला घेतलंय. हरणाऱ्याला नीट निरोप कसा द्यायचा? — दुसऱ्याच्या बाजूची

उत्तर: तुझ्या बाजूने मी पण आहे. शेवटी त्याला एकदम दुष्ट करणं म्हणजे वाचकाने जे प्रेम लावलं त्याबद्दल वाचकालाच शिक्षा आहे, आणि मैत्रिणीशी जुळवणं म्हणजे ती मैत्रीण काय उरलेलं सांभाळायला बसलीये का? रोमान्सचा शेवट सुखाचा किंवा निदान आशेचा असतो हा ह्या प्रकाराचा अलिखित करार आहे, वाचक त्या भरवशावरच पुस्तक उघडतो, तो मोडू नकोस. पण ते सुख जोडप्याचं असतं, हरणाऱ्याला खोटं सुख चिकटवायची गरज नाही. त्याला फक्त त्याच्या जातीला साजेसा, त्याच्या भुकेतून आलेला शेवट दे. आधी तो काय खायचा? मग शेवटी तो त्याच गोष्टीचं काय करतो?

पहिल्या पत्रातलीचीच गोष्ट घेऊन दाखवते, ती रागावणार नाही. तिचा स्वप्न देणारा डीमन, जो प्रत्येक भेटीमागे बहिणीची एक खरी आठवण नेतो. समज नायिकेने शेवटी त्याला “आता नको” म्हटलं. आत्तापर्यंत तो ह्या शब्दावर हसत आलाय. ह्या वेळी तो हसत नाही, उंबऱ्यावरच उभा राहतो, नेहमीसारखा. त्याला खूप भूक लागलीये हे वाचकाला दिसतंय. तो काही बोलत नाही, भाषण तर अजिबात देऊ नकोस त्याला. तो जातो. साबणाचा वास थोडा वेळ राहतो आणि मग तोही जातो. ती उठून खिडकी लावायला जाते आणि अर्ध्या वाटेत थांबते, कारण तिला एकदम आठवतं, स्पष्ट, आवाजासकट, बहीण त्या हिरव्या स्वेटरच्या बाह्या ओढत म्हणतेय, “हा मला टोचतो, तूच घाल नाहीतर देऊन टाक कुणाला तरी.”